दोन डोसांमधले अंतर



बाळ पाच महिन्यांचे आहे. दीड महिन्याचे असताना त्याला पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा पहिला डोस मिळाला. मग आई माहेरी राहिली, तिथून परत येऊन कामाला लागली, मधे बाळाला ताप आला, आणि पुढचे दोन डोस राहून गेले. अशी आई लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे का? उत्तर आहे, नाही. राहिले होते तिथून पुढे जायचे आणि दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे ठेवायचे. पण याच बाळाला दुसरा डोस चार आठवड्यांऐवजी दोनच आठवड्यांनी टोचला असता, तर तो धरता आला नसता, पुन्हा द्यावा लागला असता. उशिरा दिलेला डोस हिशेबात धरतात, घाईने दिलेला धरत नाहीत. आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय घेतला, कारण या साध्या नियमामागे शंभर वर्षांचे संशोधन आहे आणि तो नीट न कळल्यामुळे होणारे नुकसान आजही चालू आहे. माझे म्हणणे असे की डोसांमधल्या अंतराची खालची मर्यादा शरीर ठरवते. वरची मर्यादा मात्र रोगाचा धोका आणि समाजाची परिस्थिती मिळून ठरवतात. म्हणून खालच्या मर्यादेबाबत काटेकोर राहावे, उशीर झालेल्या बाळाला कधीही परत पाठवू नये, आणि सरकार जेव्हा हे अंतर बदलते तेव्हा त्याचे खरे कारण लोकांना सांगावे.

आधी शरीराची बाजू पाहू. १९२१ मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेतल्या ग्लेनी आणि स्यूडमर्सन यांनी घटसर्पाच्या विषावर काम करताना एक गोष्ट नोंदवली. प्राण्याला पहिल्यांदा टोचल्यावर प्रतिपिंडे सावकाश आणि थोडी तयार होतात. काही काळाने दुसऱ्यांदा टोचले की ती झपाट्याने आणि कितीतरी पटींनी वाढतात. मधल्या काळात काय घडते, हे पुढच्या पिढ्यांनी उलगडले. बाळाच्या मांडीत लस टोचली की तिची खबर जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत जाते, ज्या सुजल्या की आपण ‘अवधाण आले’ म्हणतो, त्याच या गाठी. तिथे बी-पेशी वेगाने विभागू लागतात. प्रत्येक विभागणीत त्यांच्या प्रतिपिंडांच्या घडणीत बारीक बदल होतात. ज्यांची पकड घट्ट बसते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. ही निवड कित्येक आठवडे चालते आणि तिच्यातून स्मृतिपेशी तयार होतात. दुसरा डोस कामाला लावतो तो या स्मृतिपेशींना. पेरणीला जसा वाफसा यावा लागतो, तसे हे आहे: त्याआधी घाई केली तर बियाणे चांगले असूनही उगवण साधत नाही. निवड चालू असतानाच दुसरा डोस आला, तर आधी तयार झालेली प्रतिपिंडेच त्याचा बराच भाग पुसून टाकतात आणि स्मृतिपेशींच्या वाट्याला फारसे काही येत नाही. चार आठवड्यांची किमान मर्यादा आली ती यातून.

उलट बाजूला, ही स्मृती लवकर पुसली जात नाही. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी सहा हजारांवर माणसे आजारी पडलेली पाहिली. पण १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेलेले म्हातारे या वेळी सुटले होते. पासष्ट वर्षे त्या बेटांवर गोवर नव्हता, तरी त्यांच्या शरीराला तो आठवत होता. लसीने आलेली स्मृती प्रत्येक वेळी इतकी टिकाऊ नसते, हे खरे. पण पहिल्या डोसाने तयार झालेल्या स्मृतिपेशी तीन महिन्यांच्या उशिराने नाहीशा होत नाहीत. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज पडत नाही.

मग कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की थांबल्याने प्रतिसाद चांगला येत असेल तर सगळेच डोस सावकाश का देऊ नयेत? बाळ जरा मोठे होऊ द्यावे, डोसांत दोन-दोन महिने ठेवावेत. प्रयोगशाळेत या सूचनेत काहीच खोट नाही. पण ज्या रोगांसाठी पेंटाव्हॅलेंट देतात त्यांतला डांग्या खोकला बाळाच्या वाढीची वाट पाहत नाही. या रोगाने दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतली असतात. त्या वयात खोकल्याची ढास येण्याऐवजी श्वासच थांबतो. आपले वेळापत्रक सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे आहे ते यासाठी. ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याच्या लसीचे डोस पूर्वी तिसऱ्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत पसरलेले होते. १९९० मध्ये ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यावर आणले गेले. लवकर संरक्षण मिळावे हा एक हेतू, आणि तिसऱ्या डोसापर्यंत पोचण्याआधीच गळणारी मुले कमी व्हावीत हा दुसरा.

या घाईची किंमतही ब्रिटनला मोजावी लागली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९९२ मध्ये हिब या जिवाणूविरुद्धची लस याच दोन-तीन-चार महिन्यांच्या चौकटीत बसवली गेली, पुढचा बूस्टर न ठेवता. या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर झपाट्याने खाली आला. पण १९९९ च्या सुमारास रुग्ण पुन्हा वाढू लागले. कारणे एकाहून अधिक होती. त्यांतले एक असे की जवळजवळ दिलेल्या तीन डोसांनी आलेले संरक्षण दुसऱ्या वर्षापासून ओसरत होते. २००३ मध्ये बूस्टरची मोहीम काढावी लागली आणि २००६ पासून पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बूस्टर कायमचा झाला. सुरुवातीचे डोस जवळजवळ दिले, तर पुढे केव्हातरी एक दूरचा डोस ठेवावा लागतो. आपल्याकडच्या न्यूमोकोकल लसीचा क्रम पाहा: सहावा आठवडा, चौदावा आठवडा, आणि मग थेट नववा महिना. दहाव्या आठवड्याला ही लस देत नाहीत. लवकरचे दोन डोस धोक्याच्या वयासाठी आहेत, तिसरा स्मृतीसाठी.

आता गोवराकडे वळतो. वेळेचा प्रश्न याच्याइतका अवघड दुसऱ्या एखाद्या लसीत क्वचितच असेल, म्हणून इथे थोडे थांबतो. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे येतात आणि पहिले काही महिने त्याला गोवरापासून राखतात. पण गोवराची लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, आणि आईची हीच प्रतिपिंडे लसीतला विषाणूही मारून टाकतात. ती ओसरल्याशिवाय लस लागत नाही, आणि ती ओसरली की बाळ उघडे पडते. ही मधली फट प्रत्येक बाळाची वेगळी असते. कोणाची सहाव्या महिन्यात उघडते, कोणाची अकराव्या. वेळापत्रकाला मात्र सगळ्यांसाठी एकच वय निवडावे लागते. अमेरिकेत १९६३ मध्ये लस आली तेव्हा नववा महिना ठरला. १९६५ मध्ये तो बारावा झाला, १९७६ मध्ये पंधरावा, आणि पुढे पुन्हा बारा ते पंधरा. विषाणू तोच होता. मूल मोठे तितकी लस अधिक लागते हे तिथे लक्षात आले, आणि गोवर कमी होत गेला तशी वाट पाहण्यातली जोखीमही कमी झाली. नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांना लागतो, वर्षानंतर दिलेला ९५ टक्क्यांच्या आसपास. तरीही भारताने नववा महिना धरून ठेवला, कारण इथे नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान गोवर गाठण्याची भीती खरी होती. पंधरा टक्के बाळांना लस लागणार नाही हे माहीत असून हा निर्णय घेतला गेला, आणि तो बरोबर होता. उरलेल्यांसाठी दुसरा डोस हवा. तो आपल्या कार्यक्रमात २०१० पासून येऊ लागला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याला बूस्टर म्हणणे चुकीचे आहे. ज्यांना पहिला लागलाच नाही, त्यांना ही दुसरी संधी असते.

मग नवव्या महिन्याच्याही आधी का देऊ नये? हा प्रयत्न झाला आहे. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विषाणू असलेली लस सहाव्या महिन्यात दिली, तर आईच्या प्रतिपिंडांवर मात करता येते असे दिसले. प्रतिपिंडांची मोजमापे उत्तम आली, आणि १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने गोवराचे मृत्यू जास्त असलेल्या देशांसाठी तिची शिफारसही केली. पण गिनी-बिसाऊ, सेनेगल आणि हैती इथल्या अभ्यासांत पुढच्या दोन-तीन वर्षांत असे आढळले की ही लस घेतलेल्या मुलींमध्ये मृत्यू नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त होत आहेत. ते मृत्यू गोवराचे नव्हते. १९९२ मध्ये शिफारस मागे घेण्यात आली. त्यामागची यंत्रणा काय होती, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण रक्तातला आकडा चांगला आला म्हणजे वेळ बरोबर निवडली असे होत नाही, हे या प्रकरणाने कायमचे दाखवून दिले. त्या मुलींची आठवण ठेवूनच वेळापत्रकाबद्दल बोलायला हवे.

आणि तरीही साथीच्या काळात सहाव्या महिन्याला, नेहमीच्या मात्रेतली, लस द्यावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावली, तेव्हा केंद्राने सूचना दिली: जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांचे प्रमाण एकूण रुग्णांच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा. त्याला ‘झिरो डोस’ म्हणतात, कारण तो मोजत नाहीत. नवव्या महिन्याचा आणि दीड वर्षाचा हे दोन्ही नंतर घ्यावेच लागतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना याचीच दुसरी बाजू दिसते. इथून गेलेल्या बाळाच्या कार्डावरचा नवव्या महिन्याचा डोस तिथली शाळा धरत नाही, कारण तिथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस हिशेबात नाही. पण तिथे जन्मलेले बाळ आजी-आजोबांना भेटायला भारतात यायचे असेल, तर तिथलेच डॉक्टर त्याला सहा ते अकरा महिन्यांच्या वयातच एक जादा डोस देऊन पाठवतात. पालकांना हा गोंधळ वाटतो. पण विमान मुंबईत उतरणार असले की त्या बाळाचा धोका बदलतो, आणि धोका बदलला की वेळ बदलते.

उशीर चालतो या नियमाला अपवादही आहेत, ते सांगितले पाहिजेत. हिपॅटायटिस ब चा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांत हवा, कारण आईकडून जन्मताना संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के आयुष्यभर तो वागवतात. रोटाव्हायरसचा पहिला डोस वर्ष उलटल्यावर सुरू करत नाहीत. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली पहिली लस आतड्यात आतडे अडकण्याच्या विकारामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली होती, आणि तेव्हापासून या लसींच्या वयोमर्यादेबाबत सावधगिरी बाळगली जाते. कुत्रा चावल्यावर तर चार आठवड्यांची मर्यादाच गुंडाळून ठेवतात: त्वचेत द्यायच्या पद्धतीत शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी. रेबीजचा विषाणू चेतातंतूंतून मेंदूकडे निघालेला असतो, त्यामुळे उत्तम स्मृतीपेक्षा आज मिळणारी प्रतिपिंडे मोलाची ठरतात. खोल जखमेत ती बाहेरून, इम्युनोग्लोब्युलिनच्या रूपाने, त्याच दिवशी भरावी लागतात.

आपल्या सगळ्यांच्या दंडावर हा प्रश्न आला तो २०२१ मध्ये. पुण्यात बनलेल्या कोविशील्ड या कोविडवरच्या लसीचे दोन डोस जानेवारीत चार ते सहा आठवड्यांनी होते, मार्चमध्ये सहा ते आठ झाले, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. त्याच आठवड्यात लशीच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्राने अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबवले होते. लोकांनी दोन्ही बातम्या जोडल्या आणि निष्कर्ष काढला: लस नाही म्हणून अंतर वाढवले, विज्ञान नुसते नावाला. हा आक्षेप गंभीर आहे, त्याला झटकून उत्तर देता येणार नाही. पुरावा होता. याच लसीच्या ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता सुमारे ५५ टक्के आणि बारा आठवडे किंवा अधिक थांबलेल्यांत सुमारे ८१ टक्के दिसली होती. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते; अंतर बहुतांशी लस वेळेवर तयार न झाल्याने लांबले होते. म्हणजे पुरावा खरा, पण अपघाताने हाती आलेला. शिवाय तो डेल्टा या विषाणूच्या नव्या उपप्रकाराच्या आधीचा होता. १४ मे रोजी, म्हणजे आपण अंतर वाढवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनने पन्नाशीवरच्यांसाठी ते बारावरून आठ आठवड्यांवर आणले, कारण डेल्टापुढे एक डोस फार थोडे रोखतो असे दिसू लागले होते. नंतर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका डोसाने लक्षणे असलेल्या आजारापासून मिळणारे संरक्षण जेमतेम ३० टक्क्यांच्या घरात निघाले.

लस एकच आणि निर्णय उलटे, मग चुकले कोण? माझ्या मते दोघांनाही आपापली बाजू होती. ब्रिटनच्या पन्नाशीवरच्या बहुतेक लोकांचा पहिला डोस झाला होता. त्यांच्यापुढे प्रश्न दुसऱ्याचा होता. आपल्याकडे कोट्यवधी ज्येष्ठांना पहिलाही मिळालेला नव्हता. मोजक्या लसीत दोन माणसांना एकेक द्यावा की एकाला दोन, हा प्रश्न तुटवड्यातच उद्भवतो, आणि तो विचारण्यात लाजिरवाणे काही नाही. जे खटकते ते वेगळे आहे. निर्णय जाहीर करताना तुटवड्याचा उल्लेख टाळला गेला आणि सगळा भार शास्त्रीय पुराव्यावर टाकला. मग जूनमध्ये परदेशी शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा दिली, तेव्हा सामान्य माणसाने विचारले: यांचे शरीर वेगळे आहे का? शरीर वेगळे नव्हते, निकड वेगळी होती. हे आधीच सांगितले असते तर लोकांना समजले असते. वेळापत्रक बदलले याचा अर्थ शास्त्रज्ञांना आधी काही कळत नव्हते असा होत नाही. पण कारण दडवले की लोकांना तसेच वाटते, आणि ती शंका मग गोवराच्या लशीपर्यंत पोचते.

अपघाताने हाती आलेल्या पुराव्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मातीतले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूवरच्या लशीचे दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये भारतात नऊ केंद्रांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांत बार्शी, पुणे आणि मुंबईही होती. एप्रिल २०१० मध्ये, दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेल्या वादानंतर, सरकारने अशा सर्वच अभ्यासांतले लसीकरण थांबवले. हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. वर्षानुवर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसाची परिणामकारकता ९५ टक्क्यांच्या आसपास आली, दोन किंवा तीन डोसांच्या बरोबरीची. हे गटही चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, हा आक्षेप इथेही लागू होता, आणि म्हणूनच केनियातल्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीने तेच दाखवले तेव्हा त्याला वजन आले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असे सांगितले. बार्शी तालुक्यातल्या मुलींच्या नमुन्यांनी जगभरातल्या मुलींचे वेळापत्रक बदलायला हातभार लावला. ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत असायला हवी.

आता पुन्हा उपकेंद्रात येऊ, कारण अंतराचा खरा प्रश्न तिथे आहे. आपल्याकडची बाळे डोसांना मुकतात ती चार आणि आठ आठवड्यांच्या शास्त्रीय वादामुळे नव्हे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेले कुटुंब दिवाळीच्या आसपास गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. त्यात बाळाचा नववा महिना येऊन गेला, तर फडावर त्याला शोधत कोण येणार? अंगात थोडा ताप किंवा सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलली जाते, वास्तविक किरकोळ आजार हे लस न देण्याचे कारण नाही. एकाच दिवशी तीन सुया नकोत, एक आज आणि एक पुढच्या महिन्यात, असे काही आया म्हणतात. त्यांची माया समजण्यासारखी आहे. पण या लसी एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देऊन तपासलेल्या आहेत, आणि प्रत्येक वाढीव फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि फेरी चुकण्याची आणखी एक शक्यता.

सर्वांत दुखणारे कारण मात्र आपल्या व्यवस्थेच्या आतले आहे. गोवर-रुबेलाची कुपी कोरड्या पुडीच्या रूपात येते. द्रावण घालून हलवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एका कुपीत अनेक डोस असतात. दुपारी एकच बाळ आले, तर नर्सबाईंपुढे पेच उभा राहतो: कुपी उघडली तर बाकीचे डोस वाया, आणि महिन्याच्या अहवालात वाया गेलेल्या डोसांचा रकाना असतो. मग आईला सांगितले जाते, पुढच्या सत्राला या. नियम सांगतो की एका बाळासाठीही कुपी उघडावी. पण अहवालातला रकाना आणि वरिष्ठांची विचारणा नियमापेक्षा जवळची असते. परत गेलेल्या त्या आईची नोंद मात्र कुठेच होत नाही. वाया गेलेले डोस मोजतो तसे परत पाठवलेले बाळही त्याच अहवालात मोजायला लागा, आणि एका बाळासाठी कुपी उघडणाऱ्या नर्सबाईंना कोणी जाब विचारणार नाही असे तालुका आरोग्य अधिकाऱ्याने लेखी द्यावे. यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही, निधीही फारसा लागत नाही, आणि हे पुढच्याच सत्रापासून करता येईल.